पुतणीचं एमएस: ऊसाची जमीन विकायची, घर तारण ठेवायचं की देशच बदलायचा?

गडहिंग्लजकर_सर

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचतो, लिहितो क्वचित. आज घरचा प्रश्न घेऊन आलोय.

माझी पुतणी, म्हणजे थोरल्या दादांची धाकटी, कोल्हापुरातून मेकॅनिकल झाली. सीजीपीए ८.०. दुसऱ्या वर्षी एक केटी होती, ती पुढच्याच परीक्षेत सुटली. गेली दोन वर्षं शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, क्वालिटी लॅबमध्ये आहे. आता तिला मटेरियल्समध्ये एमएस करायचंय. एका कन्सल्टन्सीकडून अमेरिकेत अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. विद्यापीठ म्हणतं, आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) हवा असेल तर पहिल्या वर्षाचे ३४ हजार डॉलर कुठून आणणार ते दाखवा. दोन वर्षांचा हिशेब साठ लाखांच्या घरात जातो.

दादांकडं हिरण्यकेशीच्या काठाला चार एकर ऊस आहे, सातबारा आम्हा दोघा भावांच्या नावे. बँकेत गेलो तर साहेबांनी सातबारा उलटूनही बघितला नाही. शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले. दादा म्हणतात, एक एकर काढून टाकू. मी नोकरदार माणूस. पाचगावला तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्याचं एनए (बिगरशेती) झालेलं नाही.

जमीन विकावी का? ज्यांची पोरं गेलीत त्यांनी पैशाचं कसं केलं ते लिहा. धीर नको, खरं सांगा.

नाद_खुळा

जमीन विकायची नाही. धागा संपला. चला मिसळ खायला.

फौंड्रीवाला

संपला कसा? @नाद_खुळा, मिसळीचं बिल कोण देणार ते ठरल्याशिवाय कुठलाच धागा संपत नाही.

सर, पहिला प्रश्न असा की अमेरिकाच का? पोरगी फौंड्रीत काम करते. ओतकामाचं शिक्षण घ्यायचं तर जर्मनीकडं बघितलं का? आमच्याकडं येणारी निम्मी तांत्रिक चोपडी जर्मन मशीनवाल्यांची असते. देश कुणी ठरवला, तिनं का कन्सल्टन्सीनं?

बँकेतला_निवृत्त

सर, साहेबांनी सातबारा बघितला नाही यात तुमच्या जमिनीचा अपमान नाही. घर किंवा एनए प्लॉट तारण असला आणि कर्ज थकलं, तर बँक सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून पिकाला कर्ज मिळतं, पण शिक्षणाला त्याच रानावर मिळत नाही. शिवाय तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा असणारच. विकायची म्हटलं तरी आधी तो उतरवावा लागेल.

पाचगावचा प्लॉट गुंठेवारीतला असेल तर नियमित करून घेतल्याशिवाय कुठलीही सरकारी बँक हात लावणार नाही. गावठाणातलं घर चालू शकतं, पण मिळकत पत्रिकेवर जेवढी नावं तेवढ्या सह्या. वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो. त्यात एखादी आत्या निघाली की ती पुण्याहून सहीला येईपर्यंत विमान उडून गेलेलं असतं.

रकमेचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. परदेशासाठी साधारण १५ टक्के आपल्या पदरचे घालावे लागतात. काही मोठ्या बँका निवडक विद्यापीठांची यादी ठेवतात आणि त्या यादीतल्यांना तारणाशिवायही बऱ्यापैकी रक्कम देतात. तुमची दोन विद्यापीठं त्या यादीत आहेत का, हे शाखेत नाही तर विभागीय कार्यालयात विचारा. शाखेतल्या पोराला ती यादी असते हेच माहीत नसतं.

खाजगी वित्त कंपन्या विनातारण देतात, पण व्याज चढं असतं आणि शिकत असतानाच दरमहा काहीतरी हप्ता सुरू होतो. पीएम विद्यालक्ष्मीचं नाव कुणी काढेल म्हणून आधीच सांगतो, ती २०२४ ची योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशाशी तिचा संबंध नाही.

आता हिशेब. ५० लाख मुद्दल, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता महिना साडेसदुसष्ट हजारांच्या आसपास बसतो. शिकताना साचणारं व्याज यात धरलेलं नाही. हा आकडा कागदावर लिहून दादांच्या समोर ठेवा, मग एकराचं बोला.

रंकाळ्याची_हवा

@बँकेतला_निवृत्त, आत्याचं वाक्य वाचून आमच्या आत्या आठवल्या. त्या पुण्याला पण नाहीत, हुबळीला आहेत.

गडहिंग्लजकर_सर

@बँकेतला_निवृत्त, आभारी आहे. बँक म्हणते सहकर्जदार मी व्हावं, कारण माझी पगाराची स्लिप आहे. दादांचं उत्पन्न म्हणजे कारखान्याची ऊस बिलं. आमच्या सौ. यावर अजून काही बोललेल्या नाहीत, आणि तेच जास्त काळजीचं आहे.

सीए_मंगळवारपेठ

सर, सहकर्जदार होण्याआधी एक बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची जी वजावट मिळते (८० ई म्हणून ओळखतात ती), ती स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी. पुतणीसाठी मिळत नाही, तुम्ही तिचे कायदेशीर पालक नसाल तर. दादांना मिळेल, पण शेतीच्या उत्पन्नावर त्यांना करच नाही, मग वजावट कशातून करायची? आणि नवीन करप्रणाली घेतलेली असेल तर हा विषयच निघत नाही. थोडक्यात, कर वाचेल म्हणून कर्ज घ्या असं कुणी सांगत असेल तर तुमच्या घरात ते लागू होत नाही.

दुसरं, पैसे बाहेर पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. रक्कम मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेली तर २०२५ च्या अर्थसंकल्पापासून तो कापला जात नाही. म्हणजे जमीन विकून रोख पाठवली तर कापणार, कर्जातून पाठवली तर नाही. कापलेला परत मिळतो, पण रिटर्न भरून वाट बघावी लागते आणि फी भरायची वेळ तर आजची असते.

आखेनवाली

मी जयसिंगपूरची, आता जर्मनीत आखेनमध्ये. @फौंड्रीवाला यांनी बरोबर नस पकडली, म्हणून जर्मनीचं सविस्तर लिहिते.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त दर सेमिस्टरचं अंशदान. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला त्याहून बरीच जास्त. म्हणून 'जर्मनीत फुकट' एवढ्यावर जाऊ नका, प्रत्येक विद्यापीठाचं पान उघडून बघा.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. लोक याला फी समजून घाबरतात. ते पैसे तुमचेच, तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो असे तुमच्या हातात येतात, त्यातच भाडं, विमा, जेवण. युरो शंभरच्या आसपास धरला तर वर्षाचे बारा लाख. दोन वर्षांचं सगळं पदरचं घातलं तरी पंचवीस लाखांच्या आत-बाहेर. साठ लाखांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

कागदपत्रं मात्र छळतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळतं ते) सक्तीचं आहे, फी १८ हजार रुपये. ते यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता आधी तेच करायचं. बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात, पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. पाटीवर १५ जुलै लिहिलेलं असलं तरी आपल्यासाठी कित्येक अभ्यासक्रमांची मुदत मार्च ते मे मध्येच संपते.

आणि गुणांचं. तिकडं १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे जेमतेम पास. दहापैकी ८.० ला पासिंग ग्रेड ४ धरला तर रूपांतर २.० येतं. पासिंग ५ धरला तर तेच २.२. काही अभ्यासक्रमांची सीमारेषा नेमकी याच्या मधे असते. विद्यापीठाकडून किमान पासिंग ग्रेडचा लेखी दाखला घ्या, ट्रान्सक्रिप्टवर छापलेलं नसेल तर जास्तच.

नाद_खुळा

कमी मार्क म्हणजे हुशार? मी जर्मनीतच जन्माला यायला पाहिजे होतो.

टाकाळ्याचा_ताकवाला

@नाद_खुळा, तू तिथंही ५ काढला असतास.

डेट्रॉइटकर

सगळे जर्मनीच्या मागं लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कागलचा. २००९ ला आलो, जमीन विकूनच आलो. पुढं दुप्पट घेतली. अमेरिकेत एमएस झाल्यावर अभियांत्रिकीवाल्यांना ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) एक वर्ष आणि वर दोन वर्षांची मुदतवाढ, म्हणजे तीन वर्षं काम करता येतं. पगार आणि कर्ज फेडायचा वेग यात जर्मनी जवळपासही येत नाही. भाषेचा अडसर नाही. आणि मटेरियल्समध्ये प्राध्यापकांकडं प्रोजेक्टचा पैसा असतो. प्रवेश मिळालेल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना तिनं आजच मेल लिहावेत, पण 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' अशी मेल नको. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, आपण लॅबमध्ये कोणत्या दोषांवर काम केलं ते चार ओळींत. रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ होऊन वर मानधन मिळतं.

आखेनवाली

@डेट्रॉइटकर दादा, २००९ ला डॉलर पन्नासच्या आत-बाहेर होता. आणि मास्टर्सला असिस्टंटशिप पहिल्या सेमिस्टरपासून मिळेल असं धरून आय-२० होत नाही. ती मिळाली तर दुधात साखर, पण ३४ हजार आजच दाखवायला लागतात.

डेट्रॉइटकर

ते मान्य. पण जर्मनीत अर्धवेळ काम करायला जर्मन लागतं, नोकरीला तर लागतंच. तेही सांगा की.

आखेनवाली

लागतं, आणि लपवत नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे (२०२४ पासून, आधी १२० होती), पण बी१ पातळीच्या जर्मनशिवाय गोदामात खोकी उचलण्यापलीकडं फारसं मिळत नाही. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्या १८ महिन्यांत भाषा शिकू म्हणणाऱ्यांचे हाल होतात. पुतणीनं आजपासून ए१ (जर्मनची पहिली पातळी) सुरू करावं, कुठंही जाणार असली तरी.

फौंड्रीवाला

आणि एच-१बी, म्हणजे तिकडचा नोकरीचा व्हिसा? वर्षाला ८५ हजारांची मर्यादा, त्यात सोडत. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जावर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हा आमच्या ओळखीच्या दोन घरांत चूल पेटली नव्हती.

डेट्रॉइटकर

ती फी तिथंच शिकून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून बदल करणाऱ्यांना लागू नाही असा खुलासा नंतर आला. मात्र सोडत आहे हे खरं, आणि नियम कधी फिरतील याचा भरवसा मी देऊ शकत नाही. एवढं म्हणेन की घाबरून निर्णय घेऊ नका.

उत्तरेश्वर_पेठेतली

सगळे आकडे वाचले. एक विचारू? हीच जागा पुतण्याची असती तर 'जमीन विकावी का' असा धागा निघाला असता का, का परस्पर विकून पेढे वाटले असते?

गडहिंग्लजकर_सर

ताई, प्रश्न रास्त आहे. थोरल्या पुतण्याच्या वेळी त्याच्या डिप्लोमाला जमीन विकावी लागली नव्हती, पण दुकानाला सहा गुंठे गेले. तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

उत्तरेश्वर_पेठेतली

म्हणूनच विचारलं. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही जन्मतः वाटा आहे. तिचाच वाटा विकून तिलाच पाठवणार, तर 'आम्ही तिच्यासाठी त्याग केला' हे पुढं लग्नात ऐकवू नका म्हणजे झालं. विकावी असं मी म्हणत नाही. तिला विचारा म्हणतेय.

बँकेतला_निवृत्त

ताईंचं म्हणणं कागदावरही खरं ठरतं. विक्री करताना खरेदीदाराचा वकील मुलीची संमती मागणारच.

शाहूनगरी_कोल्हापूर

शिष्यवृत्तीचं कुणी बोललंच नाही, आणि ते कोल्हापुरात! ज्या गावात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग निघालं, तिथली माणसं थेट एकर विकायला निघतात. बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला सयाजीरावांनी पाठवलं, आणि १९२० मध्ये लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला जाताना शाहू महाराजांनी हातभार लावला. त्या दोघांच्याच नावानं आज राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ७५ जागा. वयोमर्यादा पदव्युत्तरला ३५, पीएचडीला ४०. मराठा, कुणबी समाजासाठी सारथी या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, तिथंही ७५. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी, आर्थिक दुर्बल यांच्यासाठी त्या-त्या खात्याच्या वेगळ्या योजना आहेत. अट साधारण अशी की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरच्या २०० मध्ये आणि प्रवेश विनाअट. शेवटचे दोन शब्द नीट वाचा. 'भाषेचा निकाल आल्यावर प्रवेश पक्का' असं पत्र चालत नाही.

सर, तुमच्या पुतणीला लागू होत असेल तर सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, जाऊन बसा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून आधी काढून ठेवा. अटी दरवर्षी थोड्या सरकतात, त्यामुळं गेल्या वर्षीच्या जाहिरातीचा फोटो बघून निर्णय घेऊ नका, नवी जाहिरात आली की तीच वाचा.

सुतारमाळ

विद्यापीठ २०० मध्ये पाहिजे म्हणजे गावाकडच्या पोरांनी तिथं पोचायचं कसं? पैसे नाहीत म्हणून योजना, आणि योजनेसाठी इंग्रजी शाळेतनं शिकलेला सीव्ही पाहिजे. व्वा.

शाहूनगरी_कोल्हापूर

@सुतारमाळ, तक्रार खरी आहे. पण आखेनचं आरडब्ल्यूटीएच त्या २०० मध्ये बसतं आणि तिथं सीव्हीच्या इंग्रजीपेक्षा विषयांचे क्रेडिट मोजतात. बसणारी ठिकाणं शोधावी लागतात.

आणखी, तिला दोन वर्षांचा अनुभव आहे ना? मग ब्रिटनची चिव्हनिंग (२८०० तासांचं काम लागतं, एक वर्षाचं मास्टर्स पूर्ण खर्चासह, नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट) आणि जर्मनीच्या डीएएडी या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची विकासविषयक शिष्यवृत्ती (तिथंही दोन वर्षं अनुभव, आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको) ही दारं आत्ता उघडली आहेत. नुकत्या पास झालेल्यांना ती बंद असतात. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस तर अनुभवाशिवायही, महिन्याला १४०० युरो आणि फी माफ. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी.

रंकाळ्याची_हवा

जाता जाता, जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८. केंब्रिजला गेले ते जे. एन. टाटा शिष्यवृत्ती घेऊन. ती १८९२ पासून चालू आहे आणि आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून मिळते, सगळा खर्च निघत नाही, पण व्याजाच्या मानानं फार सुसह्य. के. सी. महिंद्रांची तर बिनव्याजी आहे.

नाद_खुळा

आमच्या गल्लीत एक नारळीकर होते, ते खरंच नारळ विकायचे.

आधी_काउन्सेलर_होते

नोकरी सोडलीय म्हणून मोकळेपणानं लिहितो. सरांनी सुरुवातीला कन्सल्टन्सीचा उल्लेख केला आणि जर्मनीचं नावच नाही, त्याचं कारण मला पहिल्याच ओळीत कळलं. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली आणि अमेरिकेतली बरीच विद्यापीठं प्रत्येक दाखल विद्यार्थ्यामागं एजंटला पहिल्या वर्षाच्या फीचा वाटा देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठं देत नाहीत, कारण फीच नाही तर वाटा कशाचा द्यायचा. म्हणून 'तुमचं समुपदेशन मोफत' ही पाटी बघितली की पैसे कोण देतंय ते विचारायचं. जर्मनी सुचवलीच तर पुष्कळदा खाजगी कॉलेज सुचवतात, तिथं फी भरपूर आणि हिस्साही भरपूर.

सगळे तसे असतात असं नाही. पण अर्जाचा पासवर्ड स्वतःकडं ठेवतात का, एवढं बघा. विद्यार्थ्याचं लॉगिन कन्सल्टन्सीच्या मेलवर असेल तर कुठं अर्ज गेला आणि कुठून उत्तर आलं हे तुम्हाला तेच सांगतील तेवढंच कळतं.

सुतारमाळ

आणि शिफारसपत्रांचं काय? आमचे एचओडी म्हणाले, तूच लिहून आण, मी सही ठोकतो. विद्यापीठाला कॉलेजचा अधिकृत मेल पाहिजे आणि सरांचा मेल आयडी त्यांच्या नातवाच्या नावानं.

आधी_काउन्सेलर_होते

@सुतारमाळ, कॉलेजच्या ऑफिसला लेखी अर्ज देऊन डोमेनचा मेल उघडून घ्या, मिळतो. आणि पत्र एचओडींपेक्षा फौंड्रीतल्या साहेबांचं जास्त वजनदार, जर त्यांनी खरंच काम बघितलं असेल तर.

लॅबमधली

काका, मी ती पुतणी. तुमचा आयडी मला कधीपासून माहीत आहे, 'हिरण्यकेशी' आणि 'सौ. अजून बोललेल्या नाहीत' एका धाग्यात दुसरं कोण लिहिणार?

आखेन आणि फ्रायबेर्ग ही दोन नावं मी मागच्या दिवाळीतच वहीत लिहिली होती. फ्रायबेर्गचं खाण आणि धातूंचं विद्यापीठ १७६५ चं आहे, तिथं ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे. आखेनमध्येही आहे. कन्सल्टन्सीत सांगितलं तर त्यांनी मला फ्रायबुर्गचं पत्रक काढून दिलं. ते वेगळं गाव, वेगळं राज्य, आणि आखेनवाली ताई म्हणतात ती १५०० युरोची फी तिथंच लागते. मग म्हणाले, जर्मनीत भाषा लागते, तुझं तिकडं होणार नाही. बाबांना अमेरिका ऐकून बरं वाटलं, ते चार लोकांत बोलून बसले होते, म्हणून मी गप्प राहिले.

जमीन विकायची नाही. त्या रानाच्या बांधावर आजीला आम्ही जाळलंय. शिवाय वरचे सगळे हप्ते वाचून मला घामच फुटला.

एपीएसचा अर्ज मी पगारातून भरलाय. ए१ चा क्लास राजारामपुरीत शिफ्टनंतर चालू आहे, म्हणून रात्री उशीर होतो, आईला वाटतं ओव्हरटाइम. या वर्षीच्या ऑक्टोबरला जमेल असं वाटत नाही, मुदती निघून चालल्यात, पण पुढच्या वर्षीसाठी आखेन, फ्रायबेर्ग आणि डीएएडी तिन्ही भरणार. आखेन मिळालं तर सारथीला अर्ज. फ्रायबेर्ग २०० मध्ये नाही, तिथं कर्ज, पण ते दोन वर्षांचं मिळून पंचवीस लाखांच्या आत. अमेरिकेतलं एक विद्यापीठ प्रवेश पुढं ढकलू देतं, तो मी ढकलून ठेवते. मास्टर्सनंतर पीएचडीला तिकडं गेले तर विद्यापीठच पैसे देतं, हे मला डेट्रॉइटकर दादांच्या आधीपासून माहीत आहे.

आणि उत्तरेश्वरच्या ताई, थँक यू.

गडहिंग्लजकर_सर

बाळ, हे सगळं घरी बोलली असतीस तर मी इथं चार एकरांचा जाहीर पंचनामा कशाला केला असता. आता संध्याकाळी दादांना फोन कर. मी करत नाही, तू कर. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका मी उद्या काढतो, पंचवीससाठी तेवढं पुरेल असं @बँकेतला_निवृत्त सांगतील.

बँकेतला_निवृत्त

पुरेल, मूल्यांकन बरं आलं तर. सह्या किती आहेत ते आधी मोजा. आणि मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत हे लक्षात ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम व्हिसाच्या आधी जावी लागते, बँका मात्र व्हिसानंतर सोडायची भाषा करतात. मंजुरीच्या वेळीच 'ब्लॉक्ड अकाउंटसाठी व्हिसापूर्व वितरण' असं लिहून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

फौंड्रीवाला

@लॅबमधली, शिरोलीत कुठल्या शेडला आहेस ते विचारत नाही. पण आखेनला जायच्या आधी आमच्याकडच्या सच्छिद्रतेच्या कटकटीवर एकदा बोल, चहा माझ्याकडून. मेलमध्ये लिहायला तुला एक खरी केस मिळेल.

नाद_खुळा

धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी चहाचं बिल उचललं. नोंद घ्यावी.

डेट्रॉइटकर

@लॅबमधली, पीएचडीचे मेल पाठवताना मला मसुदा दाखव. वादावादी झाली तरी माणसं आपलीच आहेत.

पन्हाळ्याचं_धुकं

उशिरा आले. माझ्या मुलाला चार केट्या आहेत, सगळ्या सुटल्यात, सीजीपीए ६.९. जर्मनीचं काही होईल का?

आखेनवाली

@पन्हाळ्याचं_धुकं ताई, केट्या सुटल्या असतील तर त्यांनी एपीएस अडत नाही, पण गुणपत्रिका सगळ्या लागतात, नापास झालेल्या प्रयत्नांच्याही. ६.९ चं रूपांतर पासिंग ४ धरून २.५५, ५ धरून २.८६ येतं. पहिल्या आकड्याला पर्याय बरेच, दुसऱ्याला पुष्कळ कमी. शाखा कुठली, आणि दाखल्यावर पासिंग काय लिहिलंय?

पन्हाळ्याचं_धुकं

सिव्हिल. दाखला काढायला सोमवारी विद्यापीठात जातो म्हणालाय.